‘बसवून घ्या’ या सल्ल्याचं खंडन

मुलगा कबड्डीत पडला, घोटा सुजला, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘कुणाकडून तरी बसवून घ्या.’ गावात हे वाक्य हाडवैद्याच्या ओसरीवर नेतं, तालमीत वस्तादाच्या हाती देतं, आणि उसण भरली असेल तर पायाळू माणसाच्या पायाशी. मोठ्या शहरांत आता ते कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात नेऊ लागलं आहे. तिथे मान झटक्यात वळवली जाते, पाठीच्या मणक्यांवर नेमका दाब दिला जातो, ‘कट्’ असा आवाज होतो, आणि त्या आवाजाच्या चित्रफिती घरोघरी मोबाइलवर पाहिल्या जातात. ओसरी आणि दवाखाना यांत अंतर पुष्कळ आहे, शिक्षणातही आणि शुल्कातही. पण पालकाच्या मनातली समजूत दोन्हीकडे एकच असते. मार लागला म्हणजे आतलं काहीतरी जागचं हललं, जाणत्या हाताने ते जागेवर आणता येतं, आणि लहान मुलांची हाडं कोवळी असल्यामुळे ती लवकर आणि बिनधोक बसतात.

या समजुतीचे तिन्ही भाग चुकीचे आहेत, आणि तिसरा तर मुलाचं आयुष्यभराचं नुकसान करू शकतो, हे मला इथे दाखवायचं आहे. कबड्डी, कुस्ती, ज्युदो, फुटबॉल, रग्बी अशा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत उतरणाऱ्या मुलांपुरतंच मी बोलणार आहे. मोठ्यांची जुनी पाठदुखी हा वेगळा विषय आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. त्याचा पहिला आधार अनुभवाचा. ‘लंगडत नेला आणि चालत आणला’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. दुसरा आधार प्रतिष्ठेचा. कायरोप्रॅक्टिक ही अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत कायद्याने मान्य असलेली, काही वर्षांच्या पदवी शिक्षणावर उभी असलेली उपचारशाखा आहे. तिला भोंदूगिरीच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. तिसरा आधार असा की डॉक्टरांचा विरोध धंद्यापोटी असतो, आणि याला कोर्टाचा निकाल आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणं आपल्या सभासदांसाठी अनैतिक ठरवलं होतं. चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग असल्याचा निकाल दिला. चौथा आधार शास्त्राचा: मणक्यांवरच्या हस्तोपचारांनी पाठदुखीला उतार पडतो असं चाचण्यांत दिसलं आहे, आणि २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पाठदुखीच्या औषधाविना उपचारांत त्यांना जागाही दिली. पाचवा आधार मला सगळ्यांत वजनदार वाटतो. अस्थिरोगतज्ज्ञ बसतो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथवरचं भाडं, फी, एक्स-रे, प्लास्टर, ऑपरेशनची धास्ती आणि बुडालेली मजुरी, हे सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला गल्लीच्या टोकाला राहणारा, ओळखीचा, शे-दोनशे रुपयांत पट्टी बांधणारा माणूस.

यातला जवळजवळ प्रत्येक तपशील खरा आहे. पण हे तपशील एकत्र बांधून जो निष्कर्ष काढतात, तो त्यांतून निघत नाही. गेटझेंडॅनर यांनी बहिष्काराचा न्याय केला; कायरोप्रॅक्टिकचा सिद्धान्त शास्त्रशुद्ध आहे की नाही, यावर त्यांनी निवाडा दिला नाही. पाठदुखीच्या त्या चाचण्या प्रौढांवर झाल्या, आणि त्यांत दिसलेला फायदा माफक होता. चाळिशीतल्या माणसाच्या कंबरेला थोडा आराम पडतो, म्हणून बारा वर्षांच्या मुलीचा सुजलेला घोटा किंवा गरगरणारं डोकं त्याच हातांत द्यावं, हे कुठल्याच तर्काने सिद्ध होत नाही.

आता मुळाकडे येऊ. कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट या गावी, १८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला असं मानतात. डॅनियल डेव्हिड पामर हे तेव्हा चुंबकीय उपचार करत असत. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना ऐकू येत नव्हतं. पाठीचा एक मणका सरकलेला होता, तो आपण जागेवर ढकलला आणि लिलार्डना ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा होता. त्यावरून त्यांनी सिद्धान्त बांधला: बहुतेक सगळे रोग मणके जागचे सरकल्यामुळे होतात. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून जातच नाही. योगायोग असा की त्याच वर्षी, ८ नोव्हेंबरला, जर्मनीत वुर्झबर्गला विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. ‘सरकलेल्या मणक्या’चा सिद्धान्त आणि आतलं हाड डोळ्यांनी पाहण्याची सोय, दोन्ही दोन महिन्यांच्या अंतराने आली. त्यानंतरच्या शतकभरात हा रोगकारक सरकलेला मणका काही पुराव्यात उतरला नाही. मे २०१० मध्ये ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच, म्हणजे कायरोप्रॅक्टरांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या संस्थेनेच, लेखी सांगितलं की ही संकल्पना ऐतिहासिक आहे आणि ती रोगाचं कारण असते असं म्हणण्याजोगा वैद्यकीय संशोधनाचा पुरावा नाही. विरोधकांपेक्षा घरच्या संस्थेची ही कबुली जास्त मोलाची आहे. आज अनेक कायरोप्रॅक्टर हा जुना सिद्धान्त सोडून, स्नायू-सांध्यांपुरतं आणि सांभाळून काम करतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘बसवण्या’च्या त्या मूळ कल्पनेशी, जी हाडवैद्य आणि पामर यांनी एकमेकांना न भेटता सारखीच मांडली.

मुलांच्या बाबतीत ही कल्पना कुठे मोडते, ते पाहायला शालेय कबड्डीचा एकच डाव पुरे. चौदा वर्षांखालचा सामना आहे. चढाईला आलेला मुलगा परत मध्यरेषेकडे झेप घेतो, आणि कोपऱ्यातला खेळाडू खाली वाकून त्याचा घोटा दोन्ही हातांत आवळतो. पाऊल मॅटवर रुतून राहतं, शरीर पुढे जातं, वरून आणखी दोघं अंगावर येतात. घोट्यावर त्या क्षणी पीळ पडतो. मोठ्या माणसाच्या घोट्यात अशा वेळी अस्थिबंध ताणतात किंवा फाटतात. मुलाच्या हाडाच्या टोकाशी मात्र कूर्चेचा एक थर असतो, ज्याला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते याच थरातून. हा थर आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असतो. म्हणून जिथे बापाचा अस्थिबंध फाटला असता, तिथे पोराची वाढीची जागाच दुभंगू शकते. टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये या मोडींचे पाच प्रकार पाडले. जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञ आजही तेच वापरतात. यातल्या पहिल्या प्रकारात साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही असंही होतं. पाचव्यात तो थर चिरडला जातो आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही, पाय वाकडा किंवा आखूड वाढायला लागेपर्यंत.

‘कोवळं हाड लवकर बसतं’ या वाक्यातलं अर्धसत्य इथे उघडं पडतं. कोवळं हाड लवकर जुळतं, हे खरं. मुलाच्या हाडाला स्वतःला सरळ करून घेण्याची काही ताकद असते, हेही खरं. पण मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाचा थर एकटाच वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर वाढ देतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा तो थर मिटला, तर पुढच्या प्रत्येक वर्षी जवळजवळ एक सेंटिमीटर फरक साचत जातो. अशा मोडीवर जोराने ओढणं, पिळणं, तेल लावून रगडणं म्हणजे दुखावलेल्या वाढीच्या थराला दुसरा मार देणं.

इथे डॉक्टरांच्याही एका जुन्या शिकवणुकीची खबर घेतली पाहिजे, नाहीतर खंडन एकतर्फी होईल. एक्स-रे चांगला आला तरी मुलाचा मुरगळलेला घोटा म्हणजे ग्रोथ प्लेटची मोडच समजायची आणि प्लास्टर घालायचं, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. कॅनडातल्या कॅथी बूटिस आणि सहकाऱ्यांनी घोट्याच्या बाहेरच्या बाजूला मार लागलेल्या, पण एक्स-रेमध्ये मोड न दिसलेल्या १३५ मुलांचं एमआरआय केलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ग्रोथ प्लेटची मोड निघाली फक्त ४ जणांत. बाकी बहुतेकांना अस्थिबंधाची दुखापत होती, आणि काढता-घालता येणाऱ्या आधारपट्टीवर मुलं छान बरी झाली. म्हणजे प्रत्येक मुरगळण्यावर प्लास्टर ठोकणं हीही अतिशयोक्तीच. पण हा दिलासा एक्स-रेमध्ये मोड नाही हे ठरल्यानंतरचा आहे. हातानं चाचपून, डोळे मिटून, ‘काही नाही, नस चढली आहे’ म्हणणाऱ्याला तो लागू होत नाही.

आणि एक्स-रे प्रत्येक वेळी लागतोच असंही नाही. ऑटावाच्या इयन स्टील यांनी १९९२ मध्ये घोट्यासाठी साधे नियम मांडले. पाच वर्षांवरच्या मुलांतही ते तपासून झाले आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची टेकाडं असतात, त्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, एका बोटाने दाबत जायचं. हाडावर नेमकं दुखलं, तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावर जे हाड लागतं, तिथे दाबून दुखलं, तरी एक्स-रे. मार लागल्यावर लगेच आणि दवाखान्यातही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील, तरी एक्स-रे. यातलं काहीच नसेल, तर मोड असण्याची शक्यता फारच कमी. यात कुठेही ओढायचं नसतं, वळवायचं नसतं, आवाज काढायचा नसतो. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे अर्ध्या तासात शिकवता येईल.

मग ‘लंगडत नेला आणि चालत आणला’ याचं काय? यात एक खरा प्रकार आहे, तो मान्य केला पाहिजे. एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून झटकन वर उचललं की कोपराजवळचं बारीक हाड त्याच्या वेढ्यातून किंचित निसटतं. मूल हात हलवत नाही, रडतं. तिथे हात एका ठरावीक पद्धतीने वळवला की ‘टक्’ होतं आणि काही मिनिटांत मूल खेळू लागतं. डॉक्टर हेच करतात आणि अनुभवी हाडवैद्यही करतो. हे खरोखर ‘बसवणं’ आहे. त्या एका यशाची कीर्ती सगळ्या दुखापतींवर पसरली. पण हा प्रकार पाच वर्षांनंतर क्वचितच होतो. कबड्डीच्या मैदानावरच्या मुलाचा हात दुखतो तेव्हा कारण बहुधा दुसरं असतं.

बाकीच्या कीर्तीचा उलगडा आपल्या तर्कशास्त्राने कधीच करून ठेवला आहे. काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. मुलांचे मुरगळलेले सांधे आणि मुका मार बहुतांशी आपोआप, दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. सूज सर्वांत जास्त असते तेव्हा आपण धाव घेतो, आणि सूज तिथून उतरणारच असते. हाडवैद्याने चौथ्या दिवशी बांधलं आणि दहाव्या दिवशी मुलगा चालला, तर श्रेय पट्टीला जातं. ज्याचा हात वाकडा राहिला त्याची गोष्ट गावात सांगितली जात नाही. ती सांगतो सर्जन, एकट्याने.

आवाजाचाही निकाल लागला आहे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याची टोकं झटक्यात लांब केली की दाब कमी होऊन त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. त्याच क्षणी ‘कट्’ होतं. कॅनडात ग्रेग कॉचक यांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा मोडताना चालत्या एमआरआयवर ही पोकळी तयार होताना दाखवली. त्यात कुठलंही हाड जागेवर आलेलं नसतं. निरोगी सांधाही वाजतो. आवाज हा बरं झाल्याचा पुरावा नाही.

पण घोट्याकोपरांचं नुकसान आयुष्यभर राहिलं तरी सहसा जीवघेणं नसतं. खरा जीव जातो तो मानेपाशी आणि डोक्यापाशी.

लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, मानेचे स्नायू दुबळे, अस्थिबंध सैल. आठ वर्षांच्या आतल्या मुलात मान जिथे वाकते तो बिंदूही मोठ्यांपेक्षा बराच वर, कवटीच्या जवळ असतो. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पँग आणि विल्बर्गर या शल्यचिकित्सकांनी मुलांतला एक प्रकार नोंदवला: मज्जारज्जूला इजा झालेली आहे, हातपाय बधिर किंवा लुळे पडलेत, आणि एक्स-रेमध्ये हाडं जशीच्या तशी. म्हणजे मुलाची मान ‘दिसायला ठीक’ असूनही आत धोका असू शकतो. धोबीपछाड किंवा ढाकेवर मानेवर आपटलेला कुस्तीगीर पोरगा, हातांत मुंग्या आल्या म्हणतो, आणि कुणीतरी त्याची मान दोन्ही हातांत धरून ‘मोकळी’ करतो. हे दृश्य महाराष्ट्रातल्या तालमींना नवीन नाही. अशा मुलाची मान कुणीही वळवू नये. डॉक्टरनेही नाही, तपासणी होईपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणासाठी आणि सुरक्षिततेसाठी २००५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतसुद्धा मोड, निखळलेला सांधा आणि अस्थिर कणा यांवर हस्तोपचार निषिद्ध सांगितले आहेत. मैदानावर मार लागलेल्या मुलाच्या बाबतीत नेमक्या याच तीन शंका असतात, आणि त्या फिटल्याशिवाय झटका देणं कायरोप्रॅक्टिकच्या शिस्तीतही बसत नाही.

‘पण मुलांना इजा झाल्याचं ऐकलं नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. कॅनडातल्या सुनीता व्होरा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांवरच्या मणका-हस्तोपचारांची जगभरची प्रसिद्ध माहिती गोळा केली. थेट इजेची १४ प्रकरणं सापडली. त्यातली ९ गंभीर होती. मेंदूभोवती रक्तस्राव आणि दोन्ही पाय लुळे पडणं यांचा त्यांत समावेश होता. शिवाय २० प्रकरणांत हस्तोपचारांच्या नादात खरा आजार उशिरा कळला: मधुमेह, मेंदूज्वर, कर्करोग. प्रकरणं थोडी आहेत, आणि एकूण किती मुलांवर उपचार झाले त्याच्याशी त्यांचं प्रमाण काढता येत नाही; म्हणून ‘कायरोप्रॅक्टिक म्हणजे मृत्यू’ अशी आरोळी मी ठोकणार नाही. पण तो २० चा आकडा मला १४ पेक्षा जास्त अस्वस्थ करतो. वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळ होणारा हाडाचा कर्करोग अनेकदा खेळताना लागलेल्या किरकोळ मारानंतर लक्षात येतो, आणि महिना-दोन महिने चोळण्यात जातात. अंगाने जड असलेल्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखत असतो, तो लंगडतो, आणि खरा बिघाड असतो खुब्यात, तिथल्या ग्रोथ प्लेटवरून हाडाचा गोळा घसरत चाललेला असतो. गुडघा चोळणाऱ्याला खुबा सुचत नाही. पाठदुखीचंही तसंच. बोस्टनमध्ये मिकेली आणि वुड यांनी १९९५ मध्ये पाठदुखी घेऊन आलेल्या १०० किशोरवयीन खेळाडूंची १०० प्रौढांशी तुलना केली. मणक्याच्या मागच्या पातळ पुलासारख्या भागाला ताणामुळे गेलेली चीर प्रौढांत ५ जणांना होती, मुलांत ४७ जणांना. तिला विश्रांती लागते. तिथे झटका देणं मला अक्षम्य वाटतं.

आता डोक्याचा मार. कबड्डीत दोघांची डोकी आपटतात, मुलगा क्षणभर भांबावतो, कुणी पाणी मारतं, आणि ‘दम आहे पोरात’ म्हणून तो पुन्हा चढाईला जातो. या आघातात शुद्ध हरपतेच असं नाही. सीटी स्कॅनही चांगला येतो. मेंदूच्या पेशींचं काम तात्पुरतं विस्कटलेलं असतं. त्या अवस्थेत दुसरा धक्का बसला, तर लहान वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊन जिवावर बेतू शकतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा खेळला आणि कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया होऊन तो वाचला, पण कायमच्या अपंगत्वासह. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला: शंका आली की मुलाला बाहेर काढायचं, आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

या जागी मानेचा वरचा मणका ‘सरळ’ केला की मेंदूचा आघात भरून निघतो, असा दावा काही कायरोप्रॅक्टर करतात. ते एक चाचणी पुढे करतात, आणि तिची बाजूही सांगतो. कॅल्गरीत कॅथरिन श्नायडर यांनी २०१४ मध्ये, आघातानंतर चक्कर, मानदुखी, डोकेदुखी लांबलेल्या ३१ जणांवर उपचार केले. मानेचा व्यायाम-हस्तोपचार आणि तोल सावरण्याचे व्यायाम मिळालेले ७३ टक्के आठ आठवड्यांत खेळायला योग्य ठरले, बाकीच्यांत फक्त ७ टक्के. चाचणी चांगली आहे. पण ती फिजिओथेरपिस्टांनी केली, लक्षणं रेंगाळलेल्यांवर केली, तपासणी होऊन गेल्यावर केली, आणि त्यात तोलाचे व्यायाम होते. मैदानावरून उचलून आणलेल्या मुलाची मान वळवायला तिचा आधार घेता येत नाही.

हाडवैद्याबद्दल मी शेवटी बोलतो आहे, कारण त्याच्याकडे जाणारा माणूस अडाणी नसतो, अडलेला असतो. पिढीजात निरीक्षण, हाताची नजाकत, माणसाशी बोलण्याची रीत, हे त्याच्याकडे आहे. पण हातावर पडून कोपराच्या वर मोडलेलं मुलाचं हाड, जे साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सर्वांत जास्त मोडतं, त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. त्यावर कामट्या लावून घट्ट बांधलं की सूज आत कोंडते, रक्त अडतं, आणि काही तासांत पुढच्या हाताचे स्नायू मरू लागतात. जर्मन सर्जन रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हाच घट्ट पट्ट्यांवर बोट ठेवलं होतं. बोटं आकडीसारखी वळलेली, कायमची निकामी झालेली मुलं आपल्या सरकारी रुग्णालयांत अजून येतात. कोपरावर तेल लावून रगडल्याने स्नायूत हाड तयार होतं आणि कोपर कायमचं आखडतं, तेही तसंच.

पैशाच्या अडचणीवर निदान अर्धं उत्तर आता आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, एक्स-रेही. उरलेलं अर्धं, म्हणजे अंतर आणि रांग, हे शासनाचं देणं आहे, आणि ते फिटत नाही तोवर हाडवैद्याला दोष देऊन भागणार नाही. उलट त्याला शिकवावं: हाताची बोटं गार पडली, बधिर झाली, दुखणं वाढत गेलं तर पट्टी सोड आणि पुढे पाठव. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्या देशात कायद्याने स्थापन झालेली नोंदणी परिषद नाही, त्यामुळे चूक झाली तर तक्रार कुणाकडे करायची हेही पालकाला ठाऊक नसतं. चित्रफीत पाहून मुलाला नेणाऱ्यांनी निदान हे लक्षात घ्यावं.

मुलांचे मार कमी करायचे तर त्याची जागा मैदानावर आहे, टेबलावर नाही. फुटबॉलसाठी फिफाने ‘११+ किड्स’ नावाचा पंधरा-वीस मिनिटांचा सराव आखला: एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, पडण्याची रीत. युरोपातल्या चार देशांत चार हजारांच्या आसपास मुलांवर केलेल्या चाचणीत दुखापती ४८ टक्क्यांनी घटल्या. कबड्डीचे आणि कुस्तीचे प्रशिक्षक असा सराव आपल्या खेळापुरता आखू शकतात; पडायला शिकवणं तर आपल्या तालमींना नवीन नाहीच.

म्हणून शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि तालुका क्रीडा समित्यांना माझी विनंती आहे. चौदा वर्षांखालच्या प्रत्येक सामन्याच्या टेबलावर एक कागद चिकटवा. डोक्याला मार लागला, मान दुखते, हातात मुंग्या आल्या, किंवा चार पावलं टाकता येत नाहीत, यापैकी एकही असेल तर मूल त्या दिवशी परत मैदानात उतरणार नाही, त्याची मान-सांधा कुणी ओढणार नाही, आणि गरज वाटली तर १०८ ला फोन लागेल. या नियमाला पैसे लागत नाहीत. येत्या शालेय स्पर्धांपासून तो लागू करता येईल.